इवलीशी मोटार आणि तिचा वारसा

फियाट म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे काळी-पिवळी टॅक्सी उभी राहते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती ‘११००’ आणि तिचाच पुढला अवतार असलेली पद्मिनी २०२३ सालापर्यंत मुंबईत भाडी वाहत होती. परंतु तिच्या माहेरी, इटलीतील तुरीन शहरी, तिच्याहून पुष्कळ लहान अशी एक बहीण होती. तिचीच ही हकीकत.

महायुद्धानंतर इटलीत ओढगस्त होती. नवरा पुढे, बायको मागे, मध्ये मूल, असे कित्येकांचे संसार स्कूटरवरून चालत. अशा माणसांच्या आवाक्यातली मोटार दान्ते जाकोझा या अभियंत्याने आखली आणि ४ जुलै १९५७ रोजी ‘नवी ५००’ लोकांपुढे आली. ‘नवी’ अशासाठी, की १९३६ साली त्यांचीच ‘टोपोलिनो’, म्हणजे उंदीरमामा, याच आकड्याची होती.

नवी गाडी लांबीला तीन मीटरही भरत नव्हती. इंजिन दोनच सिलिंडरांचे, ४७९ सी.सी.चे, मागे बसवलेले आणि वाऱ्याने थंड होणारे. त्यामुळे रेडिएटर वाचला. छत कापडी, म्हणून पत्रा वाचला. काटकसर इतकी, की दारांच्या काचाही खाली होत नसत! लोकांनी पाठ फिरवली. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, पण हिणकस नको असते. कंपनी वेळीच शहाणी झाली. थोड्याच महिन्यांत तिने काचा व इतर सोयी दिल्या. मग १९७५ पर्यंत सुमारे ३९ लाख गाड्या बनल्या.

बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ रोजी, तिची नात आली. तेच वाटोळे डोळे, तेच गुबगुबीत अंग. पण इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे. लांबी अर्ध्या मीटरहून अधिक वाढलेली. अपघातात प्रवाशांना सावरणाऱ्या हवेच्या सात पिशव्या. २०२० साली तर विजेवर चालणारी ‘५००’ आली. आजीपेक्षा नात कितीतरी सुरक्षित, यात शंका नाही. नातीने आजीची नथ घातली, म्हणून तिने आडाचे पाणीही शेंदावे असे कोण म्हणेल?

तथापि आजी गरजेची होती, नात हौसेची आहे. रूप वारशात आले. स्कूटरवरचे कुटुंब मात्र मागे राहिले. त्या कुटुंबाची आठवण ठेवली ती आपल्याकडे. स्कूटरवर भिजत जाणारी चार माणसे पाहून रतन टाटांच्या मनात आलेली ‘नॅनो’ जानेवारी २००८ मध्ये लोकांना दिसली. तिचेही इंजिन मागे, दोनच सिलिंडरांचे. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिच्या कपाळी बसला तो पुसला गेला नाही, आणि २०१८ साली ती थांबली.

एकीला रूप मिळाले, दुसरीला हेतू. दोन्ही एकत्र नांदली ती फक्त त्या इवल्याशा आजीच्या घरी.