जातिवंत कुत्रा कशासाठीं?

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या बंगल्यांत जातिवंत पिल्लू आणण्याचें ठरलें, आणि पुढें त्याला स्पर्धेंत उतरविण्याचाही मनोदय असला, म्हणजे घरांत पहिला वाद रंगतो तो जातीचा. पण स्पर्धा एक नसून तीन आहेत. त्या निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या हेतूंनीं जन्मल्या. तेव्हां आधीं ठरवावयाची ती स्पर्धा.

पद्धतशीर असें पहिलें श्वानप्रदर्शन इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालीं भरलें. त्यांत पॉइंटर व सेटर या शिकारी कुत्र्यांखेरीज इतरांस प्रवेश नव्हता, आणि बक्षीस होतें बंदुकीचें! १८७३ मध्यें लंडनला केनेल क्लब निघाला, १८९६ मध्यें हिंदुस्थानांत. वंशावळीच्या वह्या आल्या, आणि हळूहळू बंदूक मागें राहून कानाची ठेवण, शेपटीचा बाक, चालीचा डौल यांवर गुण मिळूं लागले.

आज्ञापालनाची स्पर्धा ही या रूपपूजेला मिळालेली चपराकच होय. हेलेन व्हाइटहाउस वॉकर या अमेरिकन बाईंच्या पूडल कुत्र्यांना लोक शोभेचीं बाहुलीं समजत. तीं कामाचींही आहेत हें दाखविण्यासाठीं बाईंनीं १९३३ मध्यें ही स्पर्धा भरविली. चपळाईची शर्यत तर १९७८ ची. लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत मधला रिकामा वेळ भरून काढावा म्हणून घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची नक्कल करण्यांत आली, आणि ती करमणूक जगभर पसरली. ब्रिटनमध्यें या शर्यतींत संकरित कुत्राही धांवूं शकतो; तेथें कुळाचा दाखला लागत नाहीं.

आतां आपल्या दख्खनच्या कुत्र्याकडे वळूं. मराठवाडा, सोलापूर, विजापूर या पट्ट्यांतला उंच, सडपातळ, खोल छातीचा कारवानी, आणि कानाशेपटीला रेशमी झालर असलेला त्याचा भाऊबंद पश्मी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या जातीला आश्रय दिला, म्हणून तिला मुधोळ हाउंड हेंही नांव मिळालें. २००५ मध्यें तिचें चित्र टपाल तिकिटावर आलें, आणि २०१६ मध्यें तिचीं पिल्लें मेरठच्या लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं.

प्रदर्शनाच्या रिंगणांत कारवानी कोणाहूनही उणा नाहीं. आज्ञापालनांत मात्र कस लागतो. स्टॅन्ली कोरेन यांनीं १९९४ मध्यें सुमारें २०० परीक्षकांच्या मतांवरून कुत्र्यांचा क्रम लावला. त्यांत बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा. आणि नजरेनें शिकार करणारा अफगाण हाउंड अगदीं तळाशीं. कारवानी याच कुळांतला. यावरून त्याला मंद म्हणणें अन्यायाचें होईल. मेंढपाळाचा कॉली धन्याच्या शिटीकडे कान लावून राबला. कारवानीला माळावर ससा उठतांच धन्याची वाट न पाहतां स्वतःच धांवावयाचें असे. आज्ञेसाठीं थांबणारा तेथें निरुपयोगी ठरता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार संपली, आणि पिढ्यान् पिढ्या ज्यानें त्याला घडविलें तें कामच गेलें. आतां निव्वळ रुपावर निवड होऊं लागली, तर बंदुकीच्या बक्षिसाचें जें झालें तेंच दख्खनच्या या धांवपटूचें होईल, ही भीति खोटी नव्हे.

म्हणून आज्ञापालन वा अडथळ्यांची हौस असणाऱ्यानें कॉली, पूडल किंवा शेफर्ड पाहावा. प्रदर्शनासाठीं कारवानी खुशाल घ्यावा. पण गंगापूर रोडच्या रहदारींत त्याला मोकळा सोडूं नये, आणि पिल्लू पसंत करण्यापूर्वीं त्याच्या आईला एकदां कुंपणाच्या मोकळ्या रानांत धांवतांना पाहावें.