कुडीचा मळ आणि सोन्याची झीज

कानातली घरी कशी स्वच्छ करावीत, हा संशोधनाचा विषय होऊ शकतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. दागिन्यांचा इतिहास लिहिणारेही घडणावळीवर लिहितात, नक्षीवर लिहितात, कुठल्या घराण्यात कुठला दागिना होता ते लिहितात. तो दागिना पुढची साठ-सत्तर वर्षं कुणी आणि कसा सांभाळला, हे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. गेली काही वर्षं मी सातारा, रत्नागिरी आणि गोव्यातल्या जुन्या घरांत जाऊन वयस्कर बायकांना हा एकच प्रश्न विचारत आले आहे. त्यांच्या उत्तरांची संगती जुन्या ग्रंथांशी लावताना माझं एक मत पक्कं होत गेलं. आपल्याकडे कानातल्यांच्या घरगुती निगेचा मूळ हेतू चकाकी हा नव्हता. वजन राखणं हा होता. घराबाहेर उजळायला दिलेलं सोनं थोडं कमी होऊन परत येतं, हे बायकांना ठाऊक होतं. रिठ्याच्या पाण्याची सगळी रीत त्या जाणिवेतून आलेली आहे.

या जाणिवेचा जुना लेखी पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. मुंबई विद्यापीठाने काढलेली रा. प्र. कंगले यांची संशोधित आवृत्ती मी वापरते. दुसऱ्या अधिकरणात सोनारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची कामं सांगताना जुन्या दागिन्यांतून सोनं काढून घेण्याच्या चार तऱ्हा दिल्या आहेत : परिकुट्टन, अवच्छेदन, उल्लेखन आणि परिमर्दन. म्हणजे ठोकून काढणं, कापून काढणं, खरवडणं आणि घासणं. पहिल्या तिन्हींची खूण मागे राहते. चौथी मोठी चलाख आहे. हरताळ, मनशीळ, हिंगूळ किंवा कुरुविंदाची पूड लावलेलं फडकं दागिन्यावर घासायचं. दागिना झिजतो, पण कुठे काही मोडलं-तुटलं असं दिसत नाही. उलट तो लखलखतो आणि मालक खूश होऊन घरी जातो. कौटिल्य कुणावरच विश्वास ठेवत नाही, तेव्हा त्याचा सोनारांवरचा संशय जसाच्या तसा घेऊ नये. पण इथे त्याला एक भौतिक गोष्ट नेमकी कळलेली आहे. कुरुविंद म्हणजे माणकाच्याच जातीचा दगड. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो 9 वर येतो आणि सोनं अडीच-तीनवर. अशा पुडीने घासलं की सोनं जाणारच, मग घासणाऱ्याच्या मनात काहीही असो.

हे गेलेलं सोनं कुठे जातं? आपल्याकडे त्यावर एक आख्खा व्यवसाय उभा होता. झारेकरी सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, पेढीसमोरच्या गटारातला गाळ विकत घेतात किंवा गोळा करतात, तो पाण्यात धुऊन धुऊन खाली बसलेले कण वेगळे करतात आणि त्यावर पोट भरतात. घडणीतला, कानशीतला आणि उजळणीतला, सगळाच चुरा त्यात येतो. केर विकत घेऊन त्यावर संसार चालतो, यावरून दुकानात रोज किती सोनं सांडत असेल याचा अंदाज करावा. यात सोनाराला चोर ठरवायचं कारण नाही. मराठीत कान टोचायचं काम सोनारानेच करावं असं आपण म्हणतो, म्हणजे त्याच्या हातावर केवढा भरवसा होता! पण भरवसा हाताच्या कौशल्यावर होता. वजन प्रत्येक घर आपलं आपण लक्षात ठेवी.

आता हिशेब करून पाहू. एक तोळा म्हणजे 12 मासे आणि एक मासा म्हणजे 8 गुंजा, म्हणजे तोळ्याच्या 96 गुंजा. पाव तोळ्याचा कानातल्यांचा जोड धरला तर त्यात 24 गुंजा सोनं. दर दिवाळीला तो उजळायला दिला आणि प्रत्येक वेळी पाव गुंज गेली असं केवळ हिशेबासाठी धरलं, तर तीस वर्षांत साडेसात गुंजा जातात. सासूने सुनेला दिलेला जोड नातसुनेच्या कानात जाईपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश हलका. गळ्यातल्या मोठ्या दागिन्याला पाव गुंज काहीच नाही, पण कानातल्यात मुळात सोनं थोडं, त्यामुळे प्रत्येक गुंज मोजावी लागते.

आणि कानातलं हा बाईचा सर्वांत जवळचा ऐवज होता. दागिने हे स्त्रीधन, हे धर्मशास्त्रात मान्य असलं तरी पेटीतल्या दागिन्यांची किल्ली बहुधा दुसऱ्या कुणाकडे असे. कानात असलेलं तेवढं तिचं. अडीअडचणीला सावकाराकडे आधी तेच जाई. साताऱ्याकडच्या एका आजींनी मला सांगितलं, की त्यांच्या आईचे कानातले वेल चार वेळा गहाण पडले आणि चार वेळा सुटले. दर वेळी परत आल्यावर आई ते किराणा दुकानात नेऊन गुंजांवर तोलून बघायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून माजघराच्या भिंतीवर कोळशाने तितक्या रेघा. ही निगा नव्हे तर काय?

आता प्रत्यक्ष रीत. रिठा हे सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणात सहज आढळणारं झाड. फळाच्या गरात सॅपोनिन असतं. पाण्यात कुस्करलं की फेस येतो आणि तेलकट मळ सुटतो. कानातल्यांवरचा मळ बहुतेक तेलकटच असतो : डोक्याचं खोबरेल, घाम, कानामागची मृत त्वचा आणि त्यावर बसलेली धूळ. रिठ्यात खर नाही, म्हणजे घासून काढणारा कठीण कण नाही. तो मळ सोडवतो, सोनं खात नाही. मी विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने रीत सारखीच सांगितली. चार-पाच रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं कोमट पाण्यात भिजत घालायची, पाणी गाळून घ्यायचं, त्यात कानातली थोडा वेळ ठेवायची, मऊ कुंचल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने फिरकीचे आटे आणि नक्षीच्या खाचा साफ करायच्या, साध्या पाण्यातून काढून सुती फडक्यावर वाळवायची. फरक बारीकसारीक आहेत. गोव्यात एका घरी शेवटी हळदीचं बोट लावत, रंग खुलतो म्हणून. रत्नागिरीत दोन घरी सांगितलं, की हे काम मोरीवर कधीच करायचं नाही, परातीत करायचं आणि परातीच्या तळाशी पांढरं फडकं अंथरायचं, म्हणजे सुटलेला खडा किंवा मोती दिसतो. वापरलेलं पाणी तुळशीत ओतायचं. यामागचं कारण विचारल्यावर एक आजी म्हणाल्या, ‘‘त्यात सोनं असतं गो.’’ रिठ्याच्या पाण्यात सोनं फारसं येत नाही, पण विचार झारेकऱ्याचाच आहे.

चिंच आणि लिंबू सोन्याच्या आसपासही येऊ द्यायचे नाहीत, असं कुणी म्हणालं नाही. निव्वळ सोन्याच्या बाळीला किंवा बुगडीला चिंचेचं पाणी चालतं. मिश्रणातल्या तांब्याचा काळपटपणा त्याने जातो. सोनारही चिंच वापरतात. अडचण येते ती कुडीपाशी.

कुडी म्हणजे सोन्याच्या तारेत ओवलेले सहा-सात मोती, मधे बहुधा लाल खडा आणि मागे फिरकीचा दांडा. एवढ्याशा जागेत तीन वेगळे पदार्थ. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याच्याच कुळातला, आणि त्याचे थर धरून ठेवणारं एक सेंद्रिय द्रव्य. आम्ल लागलं की तो विरघळायला लागतो. चिंचेच्या पाण्यातून काढलेली कुडी पहिल्या वेळी झकास दिसते, पाचव्या-सहाव्या वेळी मोत्यांवरचं पाणी उतरलेलं असतं. मधल्या खड्याची भानगड आणखी निराळी. जुन्या घडणीत खडा मागून बंद असे आणि त्याच्या पोटाशी चमक येण्यासाठी चकचकीत पातळ पत्रा घातलेला असे. भिजत ठेवलं की कडेने पाणी आत शिरतं, पत्रा काळवंडतो आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो. म्हणून कुडी बुडवायची नाही, रिठ्याच्या पाण्यात बोळा भिजवून पिळून तेवढाच फिरवायचा. रिठ्याचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं, तेव्हा मोत्यावर ते रेंगाळू न देणंच बरं. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात वाचून त्या बायकांनी ठरवलं नव्हतं. एखादी कुडी बिघडली, त्यावरून शहाणपण आलं आणि ते पुढच्या पिढीला रागवून शिकवलं गेलं.

मोत्यांबाबत एक रीत मात्र ग्रंथांतही सापडते. काही घरांत कुड्या वर्षभर न वापरता ठेवायच्या असतील तर कापडात गुंडाळून तांदळात ठेवतात, आणि काढल्यावर तांदळाच्या पिठाने हलक्या हाताने पुसतात. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. त्यात मोती खरा की बनावट अशी शंका आली तर काय करावं, ते सांगितलंय. मीठ घातलेल्या कोमट स्निग्ध द्रवात तो रात्रभर ठेवावा, किंवा कोरड्या कापडात घेऊन भाताच्या दाण्यांनी चोळावा. रंग उतरला नाही तर मोती अस्सल. ही परीक्षा आहे, निगा नव्हे. पण रत्नपारख्याची परीक्षा हळूहळू घरातली सफाई झाली असावी असं मला वाटतं. भाताच्या तुसात सिलिका असते आणि ती मोत्याहून कठीण असते. तुसासकट चोळलं तर मोत्याचा वरचा मंद थर जाऊन तो उजळ दिसेल, आणि तेवढाच बारीकही होईल. घराघरांतल्या बायकांनी तूस टाकून पीठ घेतलं, यात मला त्यांचं डोकं दिसतं. मुंबईच्या मोतीबाजारात मोत्यांची किंमत ‘चव’ या मापाने होई आणि चव वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे. म्हणजे मोत्याचं वजन थोडं घटलं तर किंमत दुपटीच्या हिशेबाने घसरे. सोन्यापेक्षा मोत्याची झीज महाग.

इराणच्या आखातातून मुंबईत येणारे हे ‘बसरा’ मोती विसाव्या शतकात दुर्मीळ झाले. जपानमध्ये मिकिमोतोने 1893 मध्ये पहिले अर्धगोल मोती पिकवले. पुढे गोल मोतीही आले, आणि 1930 च्या सुमाराला मंदी व जपानी मोती यांच्या दुहेरी माऱ्याखाली आखातातला धंदा कोसळला. नंतर घडलेल्या कुड्यांत बहुतेक पिकवलेले मोती आहेत. त्यात आत शिंपल्याचा मणी आणि वर मोत्याच्या द्रव्याचा थर, कधीकधी फारच पातळ. त्यामुळे आजीच्या कुडीला चाललेलं घासणं नातीच्या कुडीला चालत नाही, आतला मणी उघडा पडतो. नकली मोत्यांचं तर बोलायलाच नको. त्यांच्यावरचा मुलामा गरम पाण्यानेही सुटतो.

सोन्याचंही असंच एक वळण आहे. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. अनेक सोनार कुटुंबं त्यात उद्ध्वस्त झाली. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच, की 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं आणि 14 कॅरेटमध्ये जेमतेम 58. बाकीचं तांबं आणि चांदी घामाने काळवंडतात. त्या वर्षांत लग्न झालेल्या एक बाई मला म्हणाल्या, ‘‘आमची कानातली सारखी धुवावी लागायची, सासूबाईंची कधीच नाही.’’ शुद्धतेवरची ही बंदी 1966 मध्ये उठली, 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र 1990 पर्यंत टिकला. त्या तीन-चार वर्षांतल्या कानातल्यांचे जोड अजून अनेक घरांत आहेत आणि ते का काळे पडतात हे घरच्यांना ठाऊक नसतं.

आज रिठा मागे पडला आणि टूथपेस्ट आली. जुना ब्रश, थोडी पेस्ट, खसाखसा घासा, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा खडूसारखी बारीक पूड असते. दाताचं वरचं आवरण कठीण म्हणून ते टिकतं. 22 कॅरेटचं सोनं आणि मोती त्याहून कितीतरी मऊ आहेत. कौटिल्याने सांगितलेलं परिमर्दन आपण आता आपल्याच हाताने, आपल्याच न्हाणीघरात करतो आणि गेलेलं सोनं नळाच्या पाण्याबरोबर सोडून देतो. झारेकऱ्यालाही ते मिळत नाही.

दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्यांच्या बातम्या दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्रात असतात. त्यांच्या भांड्यातलं पाणी म्हणजे बहुधा अम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. सोनं विरघळवणारं हे द्रावण. दागिना डोळ्यांसमोर बुडवला जातो, डोळ्यांसमोर बाहेर येतो, उजळ दिसतो, आणि त्यातलं काही ग्रॅम सोनं भांड्यात राहतं. पुढे ते त्या द्रावणातून परत मिळवता येतं. बळी पडणाऱ्या बहुतेक वेळा घरी एकट्या असलेल्या वयस्कर बायका, म्हणजे ज्यांच्या आयांना वजनाच्या रेघा ठाऊक होत्या त्याच पिढीच्या. घरातला काटा गेला आणि गुंजा खेळण्यात गेल्या, हे त्याचं एक कारण असावं.

जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, त्यामुळे शुद्धतेची चिंता बरीच मिटली. पण 2 ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. लहान मुलींच्या बाळ्या, कितीतरी बुगड्या, हलके डूल या सगळ्यांचं वजन त्याच्या आतच बसतं. या जिनसांवर शिक्का नसला तरी तक्रार करता येत नाही. त्यांची पावती जपून ठेवावी आणि तिच्या मागे ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवावं. डिजिटल काटा आता पाचशे-सातशे रुपयांत मिळतो.