क्रेशिमिर चोसिच : घरी परतलेला खेळाडू

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर झादर नावाचे एक प्राचीन नगर आहे. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीच्या ताब्यात गेले. पुढे १९४३-४४ साली दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्यावर इतके बॉम्ब टाकले, की जुन्या वस्तीचा बराच भाग मातीस मिळाला. त्या उद्ध्वस्त नगरात १९४५ साली बास्केटबॉलचा संघ उभा राहिला. ईश्वराने माणूस निर्माण केला आणि झादरने बास्केटबॉल, असे तेथील लोक म्हणतात. ही अतिशयोक्ती खरीच. पण क्रेशिमिर चोसिच या गावात घडला, हे ध्यानी घेतले म्हणजे ती क्षम्य वाटते.

चोसिचचा जन्म १९४८ सालचा, झाग्रेबचा. वाढला मात्र तो झादरमध्ये. उंची सहा फूट अकरा इंच. एवढ्या उंच खेळाडूने टोपलीखाली उभे राहावे आणि हाती आलेला चेंडू आत टाकावा, अशी त्या काळची समजूत होती. चोसिच मात्र चेंडू खेळवीत पुढे येई, दुरून नेम धरी, आणि सोबत्याकडे चेंडू असा सोपवी की प्रतिपक्षाला ते मागाहून कळावे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने रौप्यपदक मिळविले, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. १९७० साली ल्युब्लियाना येथे जगज्जेतेपदही लाभले.

त्याच सुमारास तो अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठात शिकावयास गेला. साम्यवादी देशातून आलेल्या या तरुणाने तेथे मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. त्याचा खेळ पाहून १९७२ साली पोर्टलंडच्या आणि १९७३ साली लॉस एंजलिसच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. येथे खरा पेच होता. अमेरिकेच्या त्या व्यावसायिक संघांत शिरलेल्या खेळाडूला ऑलिम्पिकचे व जागतिक स्पर्धांचे दार बंद होई; हा निर्बंध १९८९ पर्यंत टिकला. चोसिचने ती निमंत्रणे नाकारली व तो झादरला परतला. त्याच वर्षी बार्सिलोना येथे युगोस्लाव्हिया प्रथमच युरोपचा विजेता झाला. नियमाची गंमत अशी, की पुढे इटलीत बोलोन्याच्या संघाकडून खेळून त्याने १९७९ व १९८० ची अजिंक्यपदे मिळवून दिली, तरी ऑलिम्पिकच्या लेखी तो हौशीच राहिला! १९८० साली मॉस्कोत इटलीलाच हरवून त्याने सुवर्णपदक घेतले.

प्रशिक्षक म्हणून त्याची पारख मला अधिक मोलाची वाटते. १९८६ च्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाविरुद्ध हातातला सामना अखेरच्या मिनिटात निसटला. त्यात अठरा वर्षांच्या व्लादे दिवाचची चूक घातक ठरली. चोसिचने या पोराला दूर लोटले नाही. पुढल्या वर्षी दिवाच, कुकोच, राजा ही कोवळी मंडळी त्याच्याच हाताखाली युरोपीय स्पर्धेत उतरली. १९९० साली जग जिंकणाऱ्या संघात दिवाच आणि कुकोच होते.

क्रोएशिया स्वतंत्र झाल्यावर चोसिच वॉशिंग्टनच्या वकिलातीत काम पाहू लागला. १९९५ च्या मे महिन्यात, सेहेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला. देशातील युद्ध तेव्हा संपावयाचे होते. २००८ साली झादरमध्ये जे नवे क्रीडागृह उघडले, त्याला त्याचेच नाव आहे.