जळालेला पट्टा : कॅन्सस-मिसूरी सीमेवरची यादवी (१८५४–१८६५)

🧵 १/
अमेरिकेचे यादवी युद्ध १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर डागलेल्या तोफांनी सुरू झाले, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मात्र तेथून दूर पश्चिमेला, मिसूरी आणि कॅन्सस यांच्या सीमेवर, त्याच प्रश्नावरून पाच वर्षांहून अधिक काळ आधीच रक्त सांडत होते. हीच सीमा पुढे खुद्द सरकारच्या हुकुमाने ओस पाडण्यात आली. तिची ही कथा.

२/
कॅन्सस नदी जेथे मिसूरी नदीला मिळते, तेथून दक्षिणेकडे ही सीमा म्हणजे नकाशावर आखलेली एक सरळ रेघ. मध्ये डोंगर नाही, की दरी नाही. दोन्ही बाजूंना तेच गवताळ माळ आणि तेच ओढे. घोडेस्वाराला एका रात्रीत पलीकडे जाऊन परत येता येई. पुढचे सारे या एका गोष्टीमुळे सोपे झाले.

३/
१८२० च्या मिसूरी तडजोडीने मिसूरीला गुलामगिरीचे राज्य म्हणून प्रवेश मिळाला. त्याच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील प्रदेशांत, ३६° ३०′ अक्षांशाच्या वर, गुलामगिरीस मनाई झाली. कॅन्ससची भूमी तेव्हा मूलनिवासींची होती. पूर्वेकडून हुसकावलेल्या शॉनी, डेलावेअर आदी जमातींनाही करारांनी तेथेच वसवण्यात आले.

४/
३० मे १८५४ रोजी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांची स्वाक्षरी झाली आणि ती तडजोड मोडीत निघाली. कायद्याचे शिल्पकार सिनेटर स्टीफन डग्लस. गुलामगिरी असावी की नसावी, हे तेथे वसणाऱ्यांनीच मतदानाने ठरवावे, असे त्यांचे तत्त्व. ऐकायला लोकशाहीला धरूनच. पण ज्यांच्या देहावर मालकी सांगितली जात होती, त्यांना मत नव्हते.

५/
प्रश्न शिरगणतीवर आला, तेव्हा माणसे आणण्याची चढाओढ लागली. न्यू इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधकांनी वसाहतकरी धाडले. त्यांनी लॉरेन्स हे गाव वसवले. इकडे मिसूरीच्या पश्चिम भागात ताग-तंबाखूची शेती गुलामांच्या श्रमावर चाले. शेजारी मुक्त राज्य झाले, तर आपले गुलाम एका रात्रीत सीमा ओलांडतील, ही तेथील मालकांची धास्ती होती.

६/
३० मार्च १८५५ रोजी कॅन्ससच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. नुकत्याच झालेल्या गणनेनुसार पात्र मतदार होते २,९०५. मते पडली ६,००० हून अधिक! मिसूरीतून सशस्त्र जथे येऊन मतदान करून परतले होते. त्या विधिमंडळाने गुलामगिरीच्या रक्षणासाठी कडक कायदे केले; विरोधकांनी आपले वेगळे सरकार उभारले.

७/
२१ मे १८५६ रोजी गुलामगिरी-समर्थकांनी लॉरेन्समध्ये घुसून छापखाने मोडले, हॉटेल जाळले. तीनच दिवसांनी, २४ मेच्या रात्री, जॉन ब्राऊन व त्याच्या साथीदारांनी पॉटावाटोमी खाडीकाठच्या पाच जणांना घरांतून ओढून काढून तलवारींनी ठार केले. त्या पाचांपैकी एकाही गुलामाचा मालक कोणी नव्हता.

८/
जानेवारी १८६१ मध्ये कॅन्सस मुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. एप्रिलमध्ये युद्ध पेटले. मिसूरी संघराज्यातच राहिले, पण गुलामगिरीसह. १८६० च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे १ लाख १५ हजार माणसे गुलामीत होती. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजू कागदोपत्री एकाच पक्षाच्या! तरीही तेथले युद्ध सर्वांत निर्दय ठरले.

९/
कॅन्ससकडील लुटारू स्वारांना ‘जेहॉकर’ म्हणत, तर मिसूरीत झाडीत दबा धरून लढणाऱ्या टोळ्यांना ‘बुशवॅकर’. सप्टेंबर १८६१ मध्ये कॅन्ससचे सिनेटर जेम्स लेन यांच्या फौजेने मिसूरीतील ऑसिओला हे भरभराटीचे गाव लुटले, जाळले आणि नऊ जणांना गोळ्या घातल्या. ‘ऑसिओला’ हा शब्द मग सूडाची हाक बनला.

१०/
गनिमी टोळ्यांना भाकरी, घोडा आणि खबर घरांतूनच मिळे, बहुधा आई-बहिणींकडून. म्हणून संघराज्याच्या लष्कराने स्त्रियांनाही अटक करायला सुरुवात केली. १३ ऑगस्ट १८६३ रोजी कॅन्सस सिटीत अशा कैदेची इमारत कोसळली आणि किमान चौघी दगावल्या. त्यांत टोळीवाला बिल अँडरसनची बहीण होती.

११/
आठच दिवसांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, विल्यम क्वांट्रिल सुमारे ४०० स्वारांसह लॉरेन्सवर कोसळला. हल्ल्याची योजना आधीच शिजत होती. त्या दुर्घटनेने तिच्यात तेल ओतले. काही तासांत १५० हून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले, बहुतेक नि:शस्त्र. ज्या लेनवर मुख्य राग होता, तो मक्याच्या शेतात लपून बचावला.

१२/
२५ ऑगस्ट रोजी ब्रिगेडियर जनरल थॉमस युइंग यांनी ‘सर्वसाधारण आदेश क्रमांक ११’ काढला. मिसूरीच्या जॅक्सन, कॅस, बेट्स या काउंट्या आणि व्हर्ननचा उत्तर भाग १५ दिवसांत रिकामा करायचा. निष्ठा सिद्ध केलेल्यांनाही शेत सोडून लष्करी ठाण्यांजवळ किंवा कॅन्ससमध्ये जावे लागणार होते. मुदतीनंतर उरलेले धान्य-वैरण नष्ट होणार होती.

१३/
सुक्याबरोबर ओलेही जळते, तसेच झाले. सुमारे २० हजार माणसे बेघर झाली असा अंदाज आहे. धडधाकट पुरुष बहुतेक युद्धावर. वाटेवर होते ते म्हातारे, बाया आणि मुले. रिकाम्या घरांना आगी लागल्या. कॅस काउंटीत सुमारे १० हजारांपैकी जेमतेम ६०० जण उरले. जळक्या घरांच्या चिमण्या तेवढ्या माळावर उभ्या राहिल्या. या भागाला नावच पडले – ‘जळालेला पट्टा’.

१४/
टोळ्या मात्र संपल्या नाहीत. २७ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट्रेलिया येथे अँडरसनच्या टोळीने आगगाडीतून उतरवलेल्या २० हून अधिक नि:शस्त्र सैनिकांना ठार केले. त्याच वर्षी सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा टोळीत आला होता. त्याचे नाव जेसी जेम्स. पुढे दरोडेखोर म्हणून तो जगभर गाजला.

१५/
स्मृतीही सीमेने वाटून घेतली. कॅन्ससने लॉरेन्स जपले. मिसूरीने ऑसिओला आणि आदेश क्रमांक ११. चित्रकार जॉर्ज केलेब बिंगहॅम स्वतः संघराज्यवादी, तरीही त्यांनी या आदेशावर संतप्त चित्र रंगवले; ते युइंग यांचा पिच्छा राजकारणातही पुरवत राहिले. कथा कोणत्या तारखेपासून सांगायची, यावर गुन्हेगार बदलतो.

१६/
एक तारीख मात्र दोन्ही कथांत क्वचितच येते : २९ ऑक्टोबर १८६२. बेट्स काउंटीत, आयलंड माउंड येथे, फर्स्ट कॅन्सस कलर्ड इन्फंट्रीने टोळीवाल्यांना परतवून लावले. तिचे आठ जण कामी आले. यादवी युद्धात कृष्णवर्णीय रेजिमेंटने दिलेली ही पहिली लढाई. लढणाऱ्यांपैकी अनेक जण मिसूरीच्या मालकांकडून निसटून कॅन्ससला पोहोचले होते.

१७/
लिंकन यांची मुक्ती-घोषणा अजून दोन महिने दूर होती. ती आली तेव्हाही मिसूरीला लागू नव्हती. तेथील गुलामगिरी ११ जानेवारी १८६५ रोजी संपली. १८५४ साली ज्यांना मत नव्हते, त्यांनी आपले उत्तर त्याआधीच दिले होते : ती सरळ रेघ ओलांडून एकदा मुक्त झाले, आणि बंदूक घेऊन पुन्हा ओलांडून परतले. कॅन्सस-मिसूरीची कथा सांगताना आरंभ त्यांच्यापासून केला, तर बाकीच्या तारखा आपापल्या जागी बसतात.