पाऱ्याचे चाक

गेल्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे एका परिचित शेतकरी कुटुंबाकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर घरधन्याने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. कोणी विक्रेता गावात येऊन गेला होता. त्याच्या यंत्रात बॅटरीवर मोटर फिरते, मोटर जनित्राला फिरवते, जनित्र पुन्हा बॅटरी भरते आणि उरलेल्या विजेवर विहिरीचा पंप चालतो. डिझेल नको, बिल नको, भारनियमनाची धास्ती नको. सोयाबीनचे आलेले पैसे त्यात घालावेत असा घरात विचार चालला होता. "फादर, तुम्ही सेमिनरीत इतकी वर्षं शिकलात. हे खरं असेल का?" मी "नाही" म्हणालो. तेव्हा कॉलेजात शिकणारा थोरला मुलगा म्हणाला, "पण फादर, भास्कराचार्यांनी तर असं आपोआप फिरणारं चाक लिहून ठेवलंय. ते काय खोटं लिहितील?"

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नव्हता, कारण त्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' पूर्ण केला. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे ते सांगतात. ते गाव नेमके कोठले याविषयी विद्वानांत एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे मात्र अनेकांचे बोट जाते, कारण त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख तेथे आहे. हा चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ काढला आणि त्या मठाला देणग्या मिळाल्या. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या पाठशाळेसाठी सामान्य लोकांच्या मालावर कसर लावून दिलेली ती देणगी वाचताना मन भरून येते.

'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे, आणि मुलाने ऐकलेले चाक तेथेच आहे. हलक्या लाकडाचे चक्र करावे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवावेत, ते किंचित तिरपे असावेत, प्रत्येकात अर्धा पारा भरून तोंडे बंद करावीत, आणि चक्र आसावर टेकवावे. पारा एका बाजूस मध्याकडे व दुसऱ्या बाजूस कडेकडे धावेल आणि चक्र आपोआप फिरत राहील. कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये असेच चाक वर्णिले होते. ज्योतिषांना असे यंत्र का हवे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्यांना पैसा मिळवायचा नव्हता. आकाशाबरोबर दिवसरात्र फिरणारा गोल त्यांना हवा होता, म्हणजे कालगणना सोपी झाली असती. सूर्यसिद्धांतातही अशा गोलाचा उल्लेख आहे, आणि त्याची कृती गुप्त ठेवावी असा सल्लाही आहे!

चाक फिरत का नाही? आमच्या लहानपणी विहिरीवर मोट चालत असे. बैल धावेवरून उतरत तेव्हा पाणी वर येई. बैल थांबले की मोट थांबे. रिकामी मोट खाली जाताना भरलेली मोट वर ओढून आणील, असे कोणा शेतकऱ्याच्या मनात कधी आले नाही. पाऱ्याचे तसेच आहे. खाली येताना पारा जेवढा जोर देतो, तेवढाच पुन्हा वर चढताना मागून घेतो, कारण एका फेऱ्यानंतर त्याचा प्रत्येक थेंब मूळच्या उंचीवर आलेला असतो. हिशेब शून्य. त्यातून आसाचे घर्षण काही खातेच. कडेला गेलेला पारा आसापासून दूर असल्याने जड वाटतो खरा, पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूस जवळ पारा असलेल्या आऱ्यांची संख्या अधिक असते. नजर दूरच्या पाऱ्यावर खिळते, संख्या मोजायची राहते. थोडे डोलून चाक स्थिर होते.

आता भास्कराचार्यांकडे परत येऊ. त्याच प्रकरणात, पाण्याच्या नळीवर चालणारे लल्लाचे यंत्र त्यांनी गावठी ठरवले आहे, कारण ते बाहेरच्या पाण्यावर अवलंबून आहे. पुढे ते म्हणतात की आपोआप फिरणारी पुष्कळ यंत्रे दिसतात, पण ती युक्तीने, म्हणजे फसवून, फिरवलेली असतात. पूर्वसूरींनी सांगितली म्हणूनच आपण ही रचना सांगितली. आणि सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र म्हणजे बुद्धी, असेही त्याच प्रकरणात आहे. ही वचने न वाचता केवळ चाकाचे चित्र दाखवणारे लोक आचार्यांवर अन्यायच करतात. इंग्रजी वाचकांना हा गोलाध्याय १८६१ मध्ये मिळाला तो विल्किन्सनच्या भाषांतरातून, आणि ते भाषांतर तपासणारे बापूदेवशास्त्री हे आपल्याच महाराष्ट्राचे.

लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराच्या मते ही कल्पना भारतातून अरबांमार्फत युरोपात गेली. वाट संभाव्य आहे. पण फिरू न शकणाऱ्या चाकाचा अभिमान किती धरावा, हा प्रश्नच आहे. तेराव्या शतकात व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या वहीत रॅन्सच्या कॅथीड्रलच्या रेखाटनांबरोबर असे एक चाक आढळते. सात हातोड्यांचे, नाहीतर पाऱ्याचे. १२६९ मध्ये लुचेराच्या वेढ्यात बसून पीटर नावाच्या यात्रेकरूने चुंबकावर सुंदर पत्र लिहिले आणि शेवटी चुंबकाचे चाकही सांगितले. नाही फिरले तर दोष तुमच्या हाताचा, निसर्गाचा नव्हे, अशी पुस्तीही जोडली. त्याच वर्षांत संत थॉमस अक्विनस, जे हलते ते दुसऱ्याकडून हलवले जाते, या विचारावर लिहीत होते. सेमिनरीत आम्ही तो पाठ केला. परंतु त्यावरून पाऱ्याच्या चाकाचा निकाल लावू नये. तो निकाल मोजमापाने लागला. मायर, ज्यूल आणि १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले की ऊर्जेचे रूप पालटते, नवी निर्माण होत नाही.

त्याआधीही शहाण्यांनी ओळखले होते. जर्मनीत कासेल येथे ऑर्फिरेउसचे चाक १७१७ मध्ये कुलूपबंद खोलीत ठेवले, आणि आठवडे उलटल्यावर दार उघडले तरी ते फिरतच होते. पण आतली रचना तो दाखवीना, आणि ग्राव्हेसांडे या प्राध्यापकाने १७२१ मध्ये तपासणी केल्यावर त्याने रागाने चाकच मोडून टाकले. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशी यंत्रे यापुढे तपासणार नाही असे ठरवले. कारणांमध्ये त्यांनी एक साधी गोष्टही नोंदवली: या नादाने एकाहून अधिक कुटुंबे धुळीस मिळाली आहेत.

हे वाक्य मी साखऱ्याच्या त्या घरात सांगितले तेव्हा घरधनीण चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. मुलाला मी एवढेच म्हणालो की विक्रेता आला तर त्याला बॅटरी काढून यंत्र रात्रभर चालवायला सांग. चार दिवसांनी मुलाचा फोन आला. विक्रेत्याला तसे विचारले, तेव्हा तो म्हणाला, बॅटरी काढली की वॉरंटी जाते. पैसे घरातच राहिले होते. पुढच्या पावसाळ्याआधी विहिरीतला गाळ काढायचा त्यांचा बेत आहे.