वृक्षगणनेकडून वृक्षवयाकडे : नारायण पेठेतील झाडे आणि स्थानिक स्वराज्य संस्था

प्रस्तावना

नागरी जैवविविधतेचा विचार करताना टेकड्या, उद्याने व नदीकाठ यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. दाट वस्तीच्या पेठा मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात पुण्यातील नारायण पेठेच्या संदर्भात महानगरपालिकेच्या वृक्षविषयक कर्तव्याची वाटचाल तपासण्याचा प्रयत्न केला आहे. झाडांची संख्या राखणे आणि झाडांवरील जीवसृष्टी राखणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे प्रतिपादन करणे हा या लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

वृक्षतोडीवर राज्यकर्त्यांनी निर्बंध घालणे महाराष्ट्राला नवे नाही. आरमारास लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या संमतीविना तोडू नयेत, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळते. पेशवाईत नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या पेठेत वाड्याच्या परसातील झाड घराचे, तर देवळापुढील पारावरचा वड-पिंपळ सर्व वस्तीचा मानला जाई. दोहोंचे रक्षण कायद्याने नव्हे, तर प्रथेने होत असे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात मुठेकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली. पुढील दशकांत अनेक वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या व परसे आक्रसली. परिणामी पारावरच्या व रस्त्याकडेच्या झाडांचे महत्त्व वाढले आणि त्यांच्या रक्षणाचा भार प्रथेकडून प्रशासनाकडे सरकला.

कायद्याची वाटचाल

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या कारभाराचा आधार असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने रस्त्याकडेच्या वृक्षारोपणाची गणना स्वेच्छाधीन कामांत केली होती. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याने परिस्थिती पालटली. वृक्ष प्राधिकरण, तोडीसाठी पूर्वपरवानगी व ठरावीक मुदतीने वृक्षगणना या गोष्टी बंधनकारक झाल्या. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण व पर्यावरणरक्षण हे विषय बाराव्या अनुसूचीत आले. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापणे आवश्यक ठरले.

तथापि वृक्षविषयक कायद्याचे एकक दीर्घकाळ 'एक झाड' हेच राहिले. एक झाड तोडावे व त्याच्या मोबदल्यात रोपे लावावीत, या हिशेबात शतायुषी वड आणि कालचा गुलमोहर सारखेच ठरत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास 'प्राचीन वृक्ष' असा दर्जा दिला आणि भरपाईच्या रोपांची संख्या तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाशी जोडली. झाडाचे वय हे मूल्य आहे, ही कल्पना अशा रीतीने कायद्यात आली.

वयाचे जीवशास्त्रीय महत्त्व

ही कल्पना केवळ भावनिक नाही. वड, पिंपळ व उंबर या प्रत्येकाच्या परागीभवनासाठी विशिष्ट जातीचा सूक्ष्म कीटक लागतो. एकाच जातीची सर्व झाडे एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे इतर फळे नसताही तांबट, कोकीळ व वटवाघळांना अन्न मिळते. राखी धनेश जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो, तर तांबट वाळक्या फांदीत बीळ कोरतो. पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्या छाटणे हे महापालिकेचे रास्त कर्तव्य आहे. परंतु प्रत्येक वाळकी फांदी धोकादायक समजणे म्हणजे निवारा नष्ट करणे होय. बुंध्याशी भिडलेले काँक्रीट व फरशी मुळांची हवा आणि पाणी तोडतात. दिल्लीत झाडाभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला होता, तो याच कारणास्तव.

निष्कर्ष

पेठेत नव्या लागवडीस जागा अत्यल्प असल्याने भरपाईची रोपे शहराच्या कडेला जाण्याचा संभव अधिक. अशा वेळी शहराची एकूण संख्या वाढते, पण पेठेतील धनेशाची ढोली परत येत नाही. म्हणून वृक्षगणनेत जात व घेर यांबरोबर ढोली, घरटी व बुंध्याभोवतीची मोकळी माती यांचीही नोंद व्हावी, आणि भरपाई शक्यतो त्याच पेठेत, देशी जातींनी व्हावी. पाराने जे प्रथेने सांभाळले, ते आता नोंदवहीने सांभाळावयाचे आहे. त्यासाठी नोंदवहीची दृष्टी व्यापक झाली पाहिजे.