उंदीर पडले, गाव उठलं

घरात उंदीर मरून पडू लागले, की गाव मोकळं करायचं. प्लेगच्या साथीत मुंबई इलाख्यातल्या कितीतरी खेड्यांनी हा रिवाज पाळला.

साथ सुरू झाली मुंबईत. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती ओळखली. 1891 च्या शिरगणतीत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती; फेब्रुवारी 1897 पर्यंत जवळपास निम्मी मुंबई बाहेर पडली. रेल्वेने निघालेल्यांची कल्याणला तपासणी होई. तिथून मुरबाड-धसईकडे आगगाडी नव्हतीच. सह्याद्रीच्या पायथ्याची ती वाट पायी नाहीतर बैलगाडीने कापायची.

रोग गावात शिरला, की राहायचं की निघायचं हा पेच घरोघरी पडे. भातशेतीच्या मुलखात वर्षभराची बेगमी कणगीत भरलेली. ती सोडून माळावर जायचं तर चोराची धास्ती. न जावं, तर त्याच भातावर पोसलेले उंदीर घरात. लोक निघत. शिवारात खोपटं उभी राहत. भिंती कुडाच्या, वर पेंढा. उघडिपीत निभावून जाई, पावसाळ्यात मात्र हाल.

सरकारने आधी दंडुका उगारला. 1897 चा साथरोग कायदा आला. घरझडत्या झाल्या, रोगी उचलून नेले, उजेडासाठी घरांची कौलं उतरवली. पुण्यात संताप धुमसला आणि 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली.

पुढे सरकारनेही गाव मोकळं करण्याचा उपाय उचलून धरला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो. उंदीर मेला, की पिसवा माणसाकडे वळतात. माळावर गेलेली माणसं याचमुळे वाचत होती.

मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्राने तोच 1897 चा कायदा लागू केला. टाळेबंदीत मजुरांचे तांडे शहापूर-कसाऱ्यावरून नाशिककडे पायी निघाले, तर राज्यातल्या अनेक गावांनी वेशीवर अडसर टाकून गावबंदी केली. प्लेग घरातल्या उंदरांमागून येई, कोरोना माणसांमागून आला. म्हणून एका साथीत गाव रिकामं करणं शहाणपणाचं ठरलं आणि दुसरीत घरात थांबणं.